चूक वहीत उतरायच्या आत

एका वडिलांनी लिहून विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी सातवीत, नाशिकमधल्याच एका शाळेत. गणिताच्या सरांनी फळ्यावर उदाहरण सोडवलं: मोटार नाशिकहून इगतपुरीला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली, त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६०, तर सरासरी वेग किती? सरांनी ४० अधिक ६० भागिले २ केलं, ५० लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ही बाकावरूनच म्हणाली, "सर, चुकलंय, ४८ येतं." वर्ग हसला. सर म्हणाले, "मग तूच ये शिकवायला," आणि तास संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. तेव्हापासून पोरगी वर्गात हात वर करत नाही. वडील अंबडला एका कंपनीत आहेत. त्यांनी शेवटी लिहिलंय की मीटिंगमध्ये साहेब चुकतात तेव्हा मीही गप्पच बसतो, मग तिला कोणत्या तोंडाने सांगू?

मी २६ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता काही वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुपरवायझर मंडळींचे वर्ग घेते. चुका दाखवण्याचा अनुभव आहे, पण पकडले जाण्याचा त्याहून जास्त आहे. त्या जोरावर लिहिते.

आधी गणित मिटवून टाकू, कारण आपण बरोबर होतो हे मुलीला स्वच्छ दिसायला हवं. नाशिक ते इगतपुरी हिशेबाला ४८ किलोमीटर धरा. ताशी ४० ने जायला ७२ मिनिटं, ताशी ६० ने यायला ४८ मिनिटं. एकूण १२० मिनिटं, म्हणजे बरोबर दोन तास. अंतर जाऊन-येऊन ९६. दोन तासांत ९६, तर तासाला ४८. गाडी हळू वेगाने जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. अंतर ४८ ऐवजी कितीही धरा, उत्तर हेच. हा सापळा फार जुना आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यात पडले नाही, ते फक्त आदल्या रात्री उदाहरण घरी सोडवून पाहिलं होतं म्हणून. तेव्हा सरांना गणित येत नाही असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. साठ पोरांपुढे, घंटेकडे एक कान ठेवून, हात आपोआप 'बेरीज भागिले दोन' करून जातो.

आता मुलीचं. बहुतेक लोक तिला सांगतील, "तास संपल्यावर सरांना हळूच सांगायचं होतंस." मला हे पटत नाही. तिची वेळ बरोबर होती, शब्द चुकले.

वेळ कशी ठरवायची, याला माझ्याकडे एकच उपाय आहे. पुढे उभा असलेला माणूस चुकला की मी त्याच्याकडे बघत नाही, खाली वह्यांकडे बघते. पोरं ते उतरवून घेत असतील तर लगेच बोलायला हवं. घंटा झाली की वह्या दप्तरात, दप्तर रिक्षात, आणि ते ५० परीक्षेपर्यंत तिथेच बसतं. सरांनी दुसऱ्या दिवशी "कालचं ते दुरुस्त करा" म्हटलं तरी गैरहजर पोरांच्या, मैत्रिणीची वही घरी नेऊन उतरवणाऱ्यांच्या वह्यांत चूक तशीच राहते. उलट चूक नुसती हवेत गेली, कोणी उचलली नाही, तर तिच्यामागे धावू नये. भूगोलाच्या बाई 'गोदावरी' म्हणायच्या जागी 'गिरणा' बोलून गेल्या, पण बोट नकाशावर ब्रह्मगिरीवरच आहे. पोरांना कळलंय. सोडून द्या.

आणि उच्चार तर सोडूनच द्या, कायमचा. आपल्या जिल्ह्यात बागलाण, कळवण, मालेगावकडून आलेले किती शिक्षक आहेत! घरात अहिराणी बोलून मोठी झालेली माणसं. त्यांच्या एखाद्या शब्दावर शहरातली पोरं फिदीफिदी हसतात आणि वर "बाई, तसं नसतं म्हणत" असं सांगतात. तिथे चूक झालेलीच नसते, दुरुस्त कसली करता? माझ्या वर्गात हे एकदा झालं तेव्हा मी तास थांबवला होता. गणितासाठी कधी थांबवला नाही तेवढा.

शब्दांकडे येते. "सर, चुकलंय" या दोन शब्दांत पहिलाच शब्द 'सर' आहे, म्हणजे चूक माणसाला जाऊन चिकटली. वर्ग हसला तो ४८ वर हसला नाही, सरांवर हसला, आणि ते सरांना तुमच्या मुलीपेक्षा आधी कळलं. त्यानंतर त्यांना फळ्याकडे वळून बघायची सोयच राहिली नाही. "सर, मी एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलं तर ४८ येतंय. परत एकदा बघूया का?" असं म्हटलं असतं तर सरांना वर्गाकडे पाठ फिरवून तीस सेकंद स्वतःशी पुटपुटायला मिळालं असतं. शिक्षकाला ते तीस सेकंद लागतात हो. मला लागायचे. त्या वेळात माणूस आपली चूक आपणच शोधल्यासारखा वळतो आणि म्हणतो, "अरे हो! बघा, इथे सगळे फसतात." तो तास मग वर्षभर लक्षात राहतो.

पण एक धोका सांगते. "सर, माझं कुठे चुकतंय?" हे वाक्य हल्ली फार शिकवलं जातं. खरोखर शंका असेल तर ते सुंदर आहे. पण ओठाच्या कोपऱ्यात हसू ठेवून विचारलं तर ते सरळ "चुकलंय" म्हणण्यापेक्षा जास्त बोचतं, आणि पोरांना वाटतं तेवढे शिक्षक भोळे नसतात. आपलं उत्तर पक्कं माहीत असताना अज्ञानाचं सोंग कशाला? पायरी दाखवावी, आकडा सांगावा, आणि गप्प बसावं.

पायरी दाखवायचं आणखी एक कारण आहे: चुकलेले आपणच असण्याची शक्यता. माझ्या अंदाजाने दहात तीनदा तरी पोर चुकलेलं असायचं. त्याने उदाहरण अर्धंच वाचलेलं असायचं, किंवा क्लासमधली रीत वेगळी असायची. "चुकलंय" म्हणून उभा राहिलेला मुलगा खाली बसताना लालबुंद होतो. "माझं असं येतंय" म्हणून उभा राहिलेला शंका फेडून खाली बसतो.

माझी एक फजिती सांगते. २०१४ चा ऑगस्ट. भूगोलाच्या बाई रजेवर, त्यांचा तास माझ्याकडे बदली म्हणून आला. मी पुस्तक उघडलं आणि ठणकावून सांगितलं, महाराष्ट्रात ३५ जिल्हे. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "बाई, छत्तीस. १ तारखेला पालघर झाला." त्याचा मामा वाड्याला राहायचा, घरात तोच विषय असणार. मला बातमी माहीत होती! पेपरात वाचली होती. पण गणिताच्या बाईला भूगोलात टोकलं याचा राग कुठून आला कोण जाणे, मी म्हटलं, "पुस्तकात काय लिहिलंय? पुस्तकात आहे तेच पेपरात लिहायचं." पोरगा खाली बसला. मी पुस्तकाआड लपले हे वर्गातल्या निम्म्या पोरांना तरी कळलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आधी फळ्यावर ३६ लिहिलं, त्याचं नाव घेतलं आणि मग अपूर्णांक सुरू केले. मधली रात्र मात्र वाईट गेली. तुमच्या मुलीच्या सरांचीही तशी गेली असण्याची शक्यता आहे, एवढं मनात असू द्या. उभं ठेवण्याचं मी समर्थन करत नाही. त्याकडे शेवटी येते.

आता तुमची कंपनी. तिथे वहीच्या जागी माणसांचे हात असतात, आणि चूक वहीत उतरण्याऐवजी लोखंडात उतरते. अंबडच्याच एका कारखान्यातली गोष्ट, मी तिथे वर्ग घ्यायला गेले होते. सकाळी पहिल्या शिफ्टची पाच मिनिटांची मीटिंग उभ्याउभ्याच होते. इन्चार्जने पांढऱ्या बोर्डावर त्या दिवसाच्या जॉबचा टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा, लिहिला: ५४ न्यूटन मीटर. ड्रॉइंगवर होता ४५. आकडे उलटे पडले, बस. ट्रेनी म्हणून लागलेल्या एका पोराच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "सर, तो टॉर्क जरा बघून घेता का?" इन्चार्ज म्हणाला, "हो हो, बघू," आणि सुरक्षेच्या मुद्द्याकडे वळला. मीटिंग संपली. ऑपरेटरने बोर्डावर वाचून रेंच ५४ वर लावला. क्वालिटीवाल्यांच्या हातात पहिले पीस आले तोवर दोन ट्रे भरले होते आणि बऱ्याच बोल्टांचे आटे गेले होते. नंतर त्या पोराला सगळ्यांनी विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणत होता, बोललो की! इन्चार्ज म्हणत होता, काहीतरी बोलला, पण काय ते कळलं नाही. दोघंही खरं सांगत होते.

वर्गात जे पोराला शिकवतो, म्हणजे नरम बोल, प्रश्न विचार, ते इथे तेवढ्यावर थांबलं की अपुरं पडतं. विमानवाल्यांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलंय. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७, एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकेच्या पॅन अमचं. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन त्या कंपनीचा नामांकित प्रशिक्षक होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो छापलेला. उड्डाणाची घाई झाली होती. त्याने एकदा इंजिनाचा जोर वाढवायला घेतला तेव्हा सहवैमानिकाने टोकलं की अजून परवानगी आलेली नाही. कॅप्टन थांबला. थोड्याच वेळात परवानगी नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र सहवैमानिकाने त्याला थांबवलं नाही. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन अमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का अजून? प्रश्नच होता तो. कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. पुढे कोणी बोललं नाही. दोन्ही विमानं मिळून ५८३ माणसं गेली. १९७९ मध्ये नासाने अशा अपघातांवर कार्यशाळा घेतली, आणि कॉकपिटमधल्या कनिष्ठाने वरिष्ठाला कसं टोकायचं, वरिष्ठाने ते कसं ऐकायचं, हे विमान कंपन्या रीतसर शिकवू लागल्या. आधी विचारायचं, ऐकलं नाही तर आकड्यासकट सांगायचं, तरीही नाही तर 'थांबा' म्हणायचं.

कारखान्यातल्या वर्गात मी याचं मराठी करून घेते. पहिलं वाक्य प्रश्नाचं: "सर, टॉर्क ४५ ना?" यातही आकडा आहे बघा, 'जरा बघून घ्या' नाही. त्याने कानाआड केलं तर दुसरं वाक्य सरळ: "सर, ड्रॉइंगवर ४५ आहे, बोर्डावर ५४. लाइन सुरू व्हायच्या आत बदलू का?" तिसरं वाक्य सहसा लागत नाही. लागलंच तर ते इन्चार्जला उद्देशून नसतं, ऑपरेटरला असतं: "दादा, रेंच लावू नका, ड्रॉइंग आणतो." हे तिसरं वाक्य बोलताना पोरांचा आवाज फुटतो, म्हणून मी ते त्यांना वर्गात उभं करून मोठ्याने म्हणायला लावते. आधी सगळे हसतात. नंतर कोणी हसत नाही.

तुमच्या साहेबांचं तुम्ही नेमकं काय चुकतं ते लिहिलेलं नाही, पण मीटिंगमधल्या चुका बहुतेक आकड्यांच्याच असतात आणि त्यांना एवढी घाई नसते. नेहमीची एक, नापास मालाबद्दलची: "रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ३ वर आलं, म्हणजे १ टक्का सुधारणा." ४ चे ३ झाले म्हणजे रिजेक्शन पाव हिश्शाने, २५ टक्क्यांनी कमी झालं. साहेब स्वतःच्याच माणसांचं काम कमी करून सांगताहेत. हे भर मीटिंगमध्ये सांगितलं तरी कोणी रागावत नाही, कारण दुरुस्तीने सगळ्यांची पाठ थोपटली जाते. आकडा साहेबांच्या विरुद्ध जाणारा असेल आणि खोलीत ग्राहक कंपनीची माणसं असतील, तर कागदाची चिठ्ठी. "स्लाइड ६, डावा आकडा." एवढंच. फोनवर पाठवू नका. सातपूरच्या एका हॉलमध्ये साहेबांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता आणि चालू भाषणात पडद्यावर कोपऱ्यात मेसेज उगवला: 'साहेब परत घसरले.' पाठवणाऱ्याने तो ग्रुप चुकून निवडला होता. पुढचं वर्णन करत नाही.

सोसायटीच्या सभेचं विचारलेलं नाही, पण राहवत नाही, कारण तिथे चूक कशी सांगायची याची सोय आपल्या सभाशास्त्रात आधीपासून आहे आणि ती कोणी वापरत नाही. आमच्या ६० फ्लॅटच्या सोसायटीत अध्यक्ष म्हणाले, दोन तृतीयांश म्हणजे ४० सभासद हवेत, २६ च आलेत, गणपूर्ती नाही, सभा तहकूब. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी ती, असं आहे. म्हणजे २६ भरपूर झाले. एक काका ताडकन उठले, "तुम्हाला उपविधी तरी माहीत आहेत का?" झालं, अर्धा तास गोंधळ, पार्किंगच्या जुन्या उधाऱ्या निघाल्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या ताई उपविधींचं पुस्तक घेऊन पुढे गेल्या, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा आहे," म्हणाल्या, त्या ओळीवर बोट ठेवून पुस्तक सेक्रेटरींसमोर धरलं आणि परत येऊन बसल्या. सेक्रेटरींनी वाचलं, अध्यक्षांच्या कानात सांगितलं, सभा सुरू. हरकतीचा मुद्दा हा शब्द विधानसभेतल्या भांडणांमुळे बदनाम झालाय, पण त्याचं काम एवढंच आहे: माणसाला बाजूला ठेवून नियमाकडे बोट दाखवणं. आणि सभेत लक्षात आलं नाही, इतिवृत्तात चूक दिसली, तर पुढच्या सभेचा पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' असतो. दुरुस्ती सुचवायची ती तिथे. आपण नेमके त्याच वेळी चहाकडे बघत "मंजूर, मंजूर" म्हणतो.

एका प्रसंगी वरचं काहीच लागू होत नाही. पुढचा माणूस चुकीच्या माहितीवरून खोलीतल्या कोणाला बोल लावत असेल, म्हणजे वही हरवली दुसऱ्याने आणि ओरडा याला, उशीर वाहतुकीमुळे आणि शिव्या स्टोअरवाल्याला, तर चिठ्ठी नको, तास संपायची वाट नको. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर: "सर, तो त्या दिवशी रजेवर होता." ज्याच्यावर आळ आला त्याला स्वतःला हे बोलता येत नाही.

हे सगळं पुढे उभं राहणाऱ्याने सोपं करायला हवं, हेही खरं. मी एकदा फळ्याच्या कोपऱ्यात 'बाईंच्या चुका' असा चौकोन आखला होता, चूक पकडणाऱ्याला एक रंगीत खडू. दोन आठवड्यांत बंद केला. पोरं गणित सोडून माझ्या वेलांट्या मोजायला लागली. त्यानंतर उदाहरण संपलं की दहा सेकंद फळ्याकडे पाठ करून उभी राहायचे आणि म्हणायचे, "तपासा, मग उतरवा." एवढं पुरायचं.

आता तुमच्या मुलीचं प्रत्यक्ष काय करायचं. पालकांच्या ग्रुपवर लिहू नका, लिहिलं असेल तर काढा. तिथे साठ पालकांनी वाचलं की सरांना परत फिरायला जागा उरत नाही, आणि तुमची मुलगी वर्षभर 'ती ४८ वाली' होते. मुख्याध्यापकांकडेही लगेच नको. सरांना फोन करून वेळ मागा आणि एकटे जा, शाळा सुटताना गेटवर गाठू नका. जाताना मुलीची वही न्या, तिच्यात तिने स्वतःच्या हाताने ते उदाहरण पायरी पायरीने सोडवलेलं असू दे. ७२ मिनिटं, ४८ मिनिटं, दोन तास, ९६.

पण बोलताना वही आधी उघडू नका. आधी दुसरी गोष्ट. "सर, ती ज्या पद्धतीने बोलली ते बरोबर नव्हतं, तिला मी सांगितलंय. पण त्या दिवसापासून ती हात वर करत नाही, याची मला काळजी वाटते." एवढं बोलून थांबा. ४८ की ५० हे सर रात्रीत तपासून मोकळे झाले असतील. तिला तासभर उभं ठेवलं हे त्यांनी तपासलेलं नसतं, आणि ते तुम्हीच त्यांच्यापुढे ठेवायला हवं. बहुतेक वेळा सर स्वतःच विचारतात, "ते उदाहरण ना?" मग वही उघडा. "बाकीच्या मुलांच्या वहीत ५० आहे, ते तेवढं बदलून घ्याल का?" म्हणा. तिचं नाव घ्या, असा आग्रह धरू नका. घेतलं तर सोनं, नाही घेतलं तरी चालेल.

सर "बघतो" म्हणून टाळतील, असंही होऊ शकतं. आठ दिवस थांबा, मुलीला विचारा वर्गात दुरुस्ती झाली का. नसेल तर मग मुख्याध्यापकांकडे, हीच वही घेऊन, याच क्रमाने.

आणि मुलीला काय तोंडाने सांगू, म्हणता? पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांचा एखादा आकडा चुकला तर बोर्डावरचा आणि कागदावरचा, दोन्ही आकडे मोठ्याने म्हणा. मग संध्याकाळी घरी जेवताना तिला सांगा काय झालं ते, आवाज फुटला असेल तर तेही.